मणक्यातला ‘गॅप’ आणि आपल्या वाट्याचं पाणी



आपल्या भागात चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही बाईला “काय दुखतंय?” असं विचारलं तर उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. “सिस्टर, मनक्यात गॅप पडलाय.” जळकोटला हे ऐकते, उदगीरला ऐकते, मुखेड-कंधारकडच्या वस्त्यांमध्येही हेच ऐकते. हातातल्या पिशवीत एक्स-रेची फिल्म असते, कंबरेला पट्टा असतो, आणि “जड उचलू नका म्हणले डॉक्टर” असं सांगत सांगत ती बाई रिकामी घागर घेऊन हापशाकडे निघालेली असते. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच आहे. पण मग घागर कोण उचलणार, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

या वेळी पानावर पाणी आणि मणका हा विषय घेतलाय तो मोबाईलवर फिरणाऱ्या एका निरोपामुळे. रोज उठल्याबरोबर लिटरभर पाणी प्या, मणक्याची गादी परत भरते, ऑपरेशन टळतं, असा तो निरोप. विहारात वर्षावासाच्या वाचनाला जमलेल्या बायांनी मला तो दाखवला आणि खरं का म्हणून विचारलं. त्यात थोडं खरं आहे, बरंच वाढवून सांगितलेलं आहे, आणि आपल्या वस्तीसाठी जे सगळ्यात महत्त्वाचं आहे त्याचा तर त्यात पत्ताच नाही.

आधी हा गॅप काय असतो ते बघू. बऱ्याच जणींना वाटतं की दोन मणक्यांच्या मध्ये फट पडली, मणका सुटला. प्रकार उलटा आहे. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके, आणि मानेपासून कंबरेपर्यंत त्यांच्या मध्ये मऊ गाद्या. अशा गाद्या २३ असतात. गादीच्या बाहेरून चिवट धाग्यांची कडी, थरावर थर गुंडाळलेली. आत गर, भिजलेल्या साबुदाण्यासारखा, पाणी धरून फुगलेला. तरुण वयात या गराचे दहा भाग केले तर आठ भाग नुसतं पाणी असतं. वय वाढतं, ओझी उचलून होतात, तशी गराची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. गादी वाळते, चपटी होते, वरचा मणका खालच्याच्या जवळ येतो. एक्स-रेत गादी दिसतच नाही, फक्त दोन मणक्यांमधली मोकळी जागा दिसते. ती कमी दिसली की डॉक्टर म्हणतात गॅप कमी झालाय. दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्याचं “गॅप पडलाय” होतं.

आणि एक सांगते, म्हणजे उगाच धास्ती नको. चाळिशी-पन्नाशीच्या ज्या माणसाची कंबर अजिबात दुखत नाही, त्याचा एक्स-रे काढला तरी असा गॅप सापडतो. केस पांढरे व्हावेत तसं ते आहे. फिल्ममध्ये दिसलं म्हणजे बाई अधू झाली, आता आयुष्यभर पट्टा, असं मुळीच नाही.

गादीची गंमत रात्री घडते. दिवसभर आपण उभं असतो, वाकतो, बसतो, वजन पेलतो. त्या दाबाने गादीतलं पाणी हळूहळू बाहेर पिळून निघतं. रात्री आडवं झालं की दाब उतरतो आणि गादी आजूबाजूचं पाणी परत ओढून घेते. म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटीमीटर उंच असतो. पोराला भिंतीला उभं करून पेन्सिलीने खूण करा, सकाळी एक आणि रात्री एक, फरक डोळ्यांनी दिसेल. अंतराळात गेलेल्या माणसांच्या पाठीवर वजनच पडत नाही, तर त्यांची उंची शंभराला तीन इतकी वाढलेली मोजली गेली आहे. पृथ्वीवर परतले की पुन्हा होते तेवढेच.

म्हणजे गादीला पाणी लागतं हे खरं. मग पाणी पिऊन ती भरत का नाही? कारण मोठ्या माणसाच्या गादीत रक्ताची नळी आत शिरत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याच्या पृष्ठभागातून झिरपेल तेवढंच तिला मिळतं. अन्न तसंच मिळतं, पाणीही तसंच. तुम्ही तांब्याभर प्यायलात म्हणून तांब्याभर गादीत जात नाही. झिजलेली, फाटलेली गादी पाणी पिऊन नवी होते याला आधार नाही, आणि असं सांगून कोणी भारी पाण्याचं यंत्र किंवा पावडर विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. पण शरीरच कोरडं पडलेलं असेल तर सगळ्याच गोष्टी बिघडतात. पाठीचे स्नायू लवकर थकतात, रक्ताभिसरण मंदावतं, पायांत गोळे येतात. थकलेला स्नायू ओझं सोडून देतो आणि ते ओझं गादीवर येतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या गाद्या लवकर खराब होतात हे दिसून आलेलं आहे, कारण निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि झिरपणंच कमी होतं. तंबाखूत आणि मिश्रीतही तेच निकोटीन असतं. मिश्री लावून वर चार लिटर पाणी प्यायलं तर त्या निरोपाचा काय उपयोग, सांगा.

आता जे त्या निरोपात नव्हतं त्याकडे येते.

पाणी वजनदार असतं. एक लिटर म्हणजे बरोबर एक किलो. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज माणशी ५५ लिटर पाणी नळाने घरात मिळालं पाहिजे, असं ठरलेलं आहे. पाच माणसांचं घर धरलं तर २७५ लिटर. नळ घरात असेल आणि त्याला रोज पाणी येत असेल तर हा आकडा कागदावरच राहतो. नळ नसेल, किंवा आठवड्यातून एकदा येत असेल, किंवा गावाच्या टोकाला असलेल्या आपल्या वस्तीपर्यंत पाण्याचा जोरच पोचत नसेल, तर हे २७५ किलो कोणीतरी उचलून आणायचं असतं. पंधरा लिटरच्या घागरीने अठरा-एकोणीस खेपा. एवढं कोणी आणत नाही, म्हणून मग घर शंभर-सव्वाशे लिटरवर भागवतं. तरी शंभर-सव्वाशे किलो झाले, रोज, चढ-उताराच्या वाटेने. आपला तालुका बालाघाटाच्या डोंगरातला, सपाट रस्ता कुठे आहे? डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी आणि कंबरेवर घागर अशी बाई चालते तेव्हा तिच्या अंगावर तीस-पस्तीस किलो असतात, आणि कंबरेवरच्या घागरीमुळे कणा एका बाजूला झुकलेला असतो. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, ते उचलणाऱ्या माणसाला आपण हमाल म्हणतो आणि हमाली देतो.

पाणी आपल्या समाजाला नवा विषय नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, आणि त्या हक्कावर मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. दर मार्चमध्ये आपण ते आठवतो, भाषणं होतात. भाषणं ऐकायला सतरंजीवर बसलेल्या बायांपैकी किती जणी त्या दिवशी पहाटे पाण्याला जाऊन आल्या, हे व्यासपीठावरून विचारलेलं मी फारसं ऐकलेलं नाही.

लातूर जिल्ह्याला २०१६ चा उन्हाळा विसरता येणार नाही. मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरायच्या जागी जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दोन दिवसांवर जयंती होती. सगळ्या देशाने ती रेल्वे टीव्हीवर बघितली. स्टेशनपासून पुढे टँकर आणि टँकरपासून घरापर्यंत बायांची डोकी, हा शेवटचा टप्पा मात्र टीव्हीवर आला नाही. दुष्काळात पाणी लांब जातं म्हणजे बाईच्या पाठीवरचं अंतर वाढतं. आणि लांबून आणलेलं पाणी ती स्वतः सगळ्यात कमी पिते, कारण तिला त्याची किंमत माहीत असते.

नळाच्या वेळेचं एक वेगळंच दुखणं आहे. पहाटे चार-साडेचारला पाणी सुटतं. बाई झोपेतून उठते ती थेट वाकते, बादली सरकवते, हंडा उचलते. वर सांगितलं की रात्रभर गादीने पाणी ओढून घेतलेलं असतं. ती टम्म भरलेली असते, फुगवलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी. अशा वेळी कंबरेत वाकून वजन उचललं तर गादीच्या कडीवर आणि मागच्या पट्ट्यांवर ताण दिवसभरातल्या इतर वेळेपेक्षा खूप जास्त पडतो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखीच्या रुग्णांना एवढंच शिकवलं होतं की सकाळी उठल्यानंतरचे सुरुवातीचे काही तास पुढे वाकायचं टाळा. तेवढ्यानेही बऱ्याच जणांचं दुखणं कमी झालं. आता आपल्या बायांना पहाटे वाकू नका म्हणून कसं सांगायचं? नळ तर तेव्हाच येतो. म्हणून मला वाटतं, पाणी सोडायची वेळ हाही आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो ग्रामसभेत विचारायला काहीच हरकत नाही. वस्तीची पाळी सकाळी सात-आठला घ्या म्हणायला पैसे लागत नाहीत. तोवर एवढं करा. पाणी सुटायच्या थोडं आधी उठा, पाच-दहा मिनिटं घरात-अंगणात चाला, मग भरायला लागा. नळाखाली लहान भांडं लावा, तांब्या-कळशीने मोठ्या भांड्यात ओता. हंडा उचलायचाच असेल तर पाय फाकवून, गुडघ्यात बसून, अंगाशी धरून उचला, कंबरेत वाकून हात लांब करून नको. उचलता उचलता पिळा मारू नका, आधी उभं राहा, मग पाऊल वळवा. एक मोठा हंडा नेण्यापेक्षा दोन्ही हातांत दोन लहान कॅन परवडतात, कणा सरळ राहतो. आणि घरात सायकल किंवा मोटारसायकल असेल तर तिला कॅन अडकवून पाणी आणणं हे पुरुषांचं काम, यात माझ्या तोंडून दुसरं काही ऐकायला मिळणार नाही.

आता पिण्याचं. आपल्या बाया पाणी कमी पितात हे खरं, पण तहान लागत नाही म्हणून नाही. लघवीला जायला जागा नसते म्हणून. खुरपायला किंवा सोयाबीन काढायला गेलेली बाई सकाळी आठपासून पाचपर्यंत रानात असते. बांधावर आडोसा नाही, मालक तिथेच फिरतो, मग ती पाण्याची बाटली नेते पण पीत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कोयत्याचं तर विचारूच नका. पहाटे फडात, मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, रात्री कोपीत परत. सहा महिने शौचालय नाही. दीक्षाभूमीला किंवा सहा डिसेंबरला चैत्यभूमीला निघालेल्या आपल्याच बाया आदल्या दिवसापासून पाणी तोडतात, रेल्वेच्या डब्यात उठायला जागा नसते म्हणून. घरी शौचालय आहे, त्याचे बारा हजार अनुदान मिळालेले आहेत, पण त्यात ओतायला बादलीभर पाणी पुन्हा तिनेच आणायचं, म्हणून ती तिथेही कमीच जाते. ज्यांना ठाऊक नाही ते म्हणतात बायांना पाण्याचं महत्त्व कळत नाही.

याचा परिणाम कुठे दिसतो? कंबरेत. आणि इथे घोटाळा होतो. पाणी कमी आणि लघवी तासन् तास धरून ठेवलेली, यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, मूतखडा होतो. मूत्रपिंडं पाठीच्या बाजूलाच, बरगड्यांच्या खाली असतात. ती दुखली की बाई म्हणते “कंबर धरली.” तिला मणक्याचा एक्स-रे काढायला सांगतात, त्यात वयामुळे गॅप दिसतोच, आणि मग वर्षभर गॅपचा इलाज चालतो. मणक्याचं दुखणं बहुतेक वेळा मधोमध किंवा खाली असतं, वाकल्यावर-उठल्यावर वाढतं, पडल्यावर उतरतं, कधी पायात उतरतं. मूत्रपिंडाचं दुखणं एका कुशीला, कुठल्याही अंगावर झोपलं तरी तेवढंच राहतं, कळ पुढे जांघेकडे येते, सोबत थंडी-ताप, लघवीला जळजळ, कधी लाल लघवी. लघवीची साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. कंबरेचा एक्स-रे काढण्याआधी ती करून घ्यायची का, एवढं डॉक्टरांना विचारा. पाणी वाढवल्यावर महिन्याभरात “गॅप बरा झाला” म्हणणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत. त्यांचा गॅप कुठेच गेलेला नसतो. दुखणंच मुळात मणक्याचं नव्हतं.

कंबरेवर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे सुई. “एक इंजेक्शन मारा, परवा लग्न आहे.” वेदनाशामक औषध कधीतरी घेणं वेगळं, पण दुकानातून गोळ्या आणून रोज घेणं, त्यात दिवसभर उन्हात आणि पोटात पाणी नाही, ही मूत्रपिंड खराब करायची रीतच म्हणा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं. शरीर आधीच कोरडं असेल तर तो फटका दुप्पट बसतो. काही सुयांमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने दोन दिवस स्वर्ग वाटतो आणि पुनःपुन्हा घेतलं तर हाडं पोकळ होतात, त्यात मणकेही आले. सुईत काय आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चिठ्ठीवर लिहून मागा.

आणि पिशवी. हे लिहायलाच हवं. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, यावर गर्भाशय काढून टाका असा सल्ला मराठवाड्यातल्या कितीतरी बायांना मिळालेला आहे. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची सरकारने नेमलेल्या समितीने पाहणी केली, नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष होत्या. ८२ हजारांहून जास्त बायांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कित्येक चाळिशीच्याही आतल्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याच्या वयाआधीच हाडांचं संरक्षण संपतं आणि मणके ठिसूळ व्हायला लागतात. म्हणजे कंबरेसाठी म्हणून केलेलं ऑपरेशन दहा वर्षांनी कंबरच मोडतं. कंबरदुखी या एका कारणासाठी पिशवी काढायला कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण तिथे दाखवा.

काही दुखणी मात्र पाणी पिऊन, शेकून बघत बसायची नाहीत. कंबरेबरोबर पायातली ताकद जायला लागली, चप्पल पायातून निसटते पण कळत नाही, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, १०८ ला फोन करायचा. तिथे तासांचा हिशेब असतो. दुसरं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. क्षयरोग म्हटलं की आपण खोकला शोधतो. मणक्याच्या टीबीत खोकला नसतोही. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, वेळेत सुरू केली तर बाई कुबड न येता बरी होते.

किती प्यायचं, हा प्रश्न सगळे विचारतात. ठरावीक आकड्याच्या मागे लागू नका. घरात-सावलीत असाल तर दिवसभरात आठ-दहा पेले पुरतात. उन्हात राबत असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तहान लागायची वाट न बघता. लघवीचा रंग हाच आपला मीटर. फिकट पिवळी असेल तर ठीक, मोहरीच्या तेलासारखी गडद असेल तर पाणी कमी पडतंय. एकदम लिटरभर ओतून घेतल्याने फायदा नाही, ते लघवीवाटे लगेच निघून जातं. घाम फार गेला असेल तर नुसत्या पाण्याबरोबर मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, भाताची पेज घ्या. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, अंगावर सूज आहे, त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलं माप सोडून जास्त पिऊ नये. म्हातारी माणसं तहान लागत नाही म्हणतात, त्यांना आठवण करून द्यावी लागते.

आणि जागेचं काय? रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी आणि सावली देणं कायद्याने बंधनकारक आहे, मागा. शेतावर चार-पाच जणींनी मिळून एक जुनं लुगडं आणि चार काठ्या नेल्या तर आडोसा होतो. आपल्या एका टोळीने असं केलं तेव्हा मालक आधी हसला, नंतर त्याच्याच घरच्या बाया तो आडोसा वापरायला लागल्या. नागपूर-मुंबईच्या बसगाड्या ठरवताना मंडळांनी दर दोन तासांनी बायांसाठी थांबा ठरवावा. देणगीची पावती फाडताना हे सांगा.

राहिला एक मुद्दा, तो म्हणजे कोणतं पाणी. पाणी जास्त पिऊनही मणका आखडू शकतो, जर त्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला भूजलात हा त्रास माहितीतला आहे, आणि बोअर खोल जाईल तसं दगडातलं फ्लोराइड पाण्यात उतरायची भीती वाढते. आपल्याकडे दर उन्हाळ्यात बोअर आणखी खोल नेतात. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं की ते हाडांत साठतं, सांध्यांच्या दोऱ्या कडक होतात, कणा बांबूसारखा ताठ होतो. घरच्या घरी तीन गोष्टी करून बघा. गुडघे न वाकवता जमिनीवरचं नाणं उचलता येतं का, हनुवटी छातीला लागते का, दोन्ही हात डोक्यामागे नेऊन बोटं गुंफता येतात का. वस्तीतल्या बऱ्याच जणांना हे जमत नसेल आणि पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतील तर संशय पाण्यावर घ्यायचा. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. ब्लीचिंग पावडरने जात नाही. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळायचं फडकं असतं, आपल्या माठावरही फडकं असतं, त्याने किडा-कचरा अडतो, हे अडत नाही.

म्हणून पाणी तपासायचं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने नेतो, रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. नमुना गावच्या विहिरीचा गेला की वस्तीच्या हापशाचा, हे नाव घेऊन विचारा, कारण दोन्हींचं पाणी एक नसतं. अहवाल आला की त्याची एक प्रत विहाराच्या फळ्यावर लावा आणि फ्लोराइडच्या ओळीसमोरचा आकडा बघा. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर निर्धास्त प्या. दीडच्या वर असेल तर तो हापसा भांडी-धुण्याला ठेवा, पिण्या-स्वयंपाकाचं पाणी दुसरीकडून आणा, आणि ते घरापर्यंत नळाने किंवा टँकरने पोचवायचा लेखी अर्ज ग्रामपंचायतीकडे देऊन त्याची पोच घ्या.